सर्व्हरवाले काका

मे महिन्यात भिलाईत अंगात स्वेटर घालून टपरीवर चहा पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर डांबर चपलेला चिकटत असायचं, रिक्षावाले डोक्याला ओला गमछा गुंडाळून सावली धरून बसलेले असायचे, आणि आमचे काका तपकिरी, पुऱ्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये उभे राहून बशीत चहा ओतून फुंकर मारत असायचे. नवा माणूस आधी त्यांच्याकडे बघायचा, मग चहावाल्याकडे. चहावाला सांगायचा, "सर्वर वाले हैं." एवढ्यानं त्या माणसाचं समाधान कसं व्हायचं कोणास ठाऊक, पण व्हायचं.

"काका, निदान बाहेर येताना तरी काढत जा की," मी एकदा म्हटलं.

"आत जाऊन पुन्हा घालाच लागते ना, पोरी. मंग कायले काढू?"

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं असं एक उत्तर असायचं. उत्तर चुकीचं नसायचं, पण ऐकल्यावर माणूस जागच्या जागी थांबायचा.

मी तिथं बिलं बनवायला लागले होते. कंपनी ट्रकांची. कारखान्यातून माल उचलायचा, कारखान्याला माल पोचवायचा, आणि वाटेत ठिकठिकाणी कंपनीचे वजनकाटे. माझे वडील रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे, आमचं घर दुर्गला मोहन नगरमध्ये. घराबाहेर पाऊल टाकलं की आमची मराठी उंबऱ्यातच राहायची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी आईशी फोनवर बोलत होते, तर शेजारच्या काचेच्या खोलीचं दार उघडून हे स्वेटरवाले गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "तू आपल्यातली आहे काय?" काकांचं भंडाऱ्याकडचं शेतकरी घराणं, त्यांचे वडील कारखान्यात कामाला लागले आणि इथलेच झाले. काका रुआबांध्याला एकटे राहत. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणत, बस चुकल्यासारखं. सगळं ऑफिस त्यांना दादा म्हणायचं. मी काका म्हणायला लागले.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माणूस कळायचा नाही. काट्यांवरचे, ऑफिसातले आमचे सगळे कॉम्प्युटर म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. खरं काम चालायचं ते काचेच्या खोलीतल्या एका मोठ्या सर्व्हरमध्ये. सकाळी तुम्ही आपल्या जागेवरून लॉगिन केलं की त्या सर्व्हरच्या आत तुमच्या नावाची एक जागा तयार व्हायची. तिला सेशन म्हणायचं. या सर्व्हरमध्ये एका वेळी ठरावीकच माणसं मावायची. जागा भरल्या की पुढचा दारात उभा. आणि आमचे लोक असे की काम झालं की रीतसर बाहेर पडायचं नाही, कोपऱ्यातली फुली दाबून मोकळं व्हायचं. पडदा मिटायचा, पण आत सर्व्हरमध्ये सेशन तसंच अडून राहायचं, अर्धवट भरलेल्या वजनाच्या पावतीसकट. माणूस घरी जेवत असायचा आणि त्याची जागा इथं अडलेली असायची.

अशी सेशनं बंद करणं हे काकांचं काम. एक क्लिक. त्यांना तेच जमायचं नाही. आधी फोन करायचे.

एकदा एक क्लार्क मेहुणीच्या लग्नाला निघून गेला आणि सेशन उघडंच. इकडे दोन काटे दारात खोळंबलेले. काकांनी फोन लावला. पलीकडे बँड इतका जोरात की मला माझ्या टेबलावर ऐकू येत होता.

"तुम्हारा एक सेशन खुला है. पर्ची आधी भरी है. बंद करूँ क्या?"

"दादा, वरमाला चल रही है."

"हो जाने दो. मैं होल्ड करता हूँ."

आणि खरोखर फोन कानाला धरून बसले. वरमाला झाली, फटाके झाले, मग त्या माणसानं आठवून आठवून ट्रकचा नंबर सांगितला, काकांनी पावती पुरी केली, जपून ठेवली, आणि मगच त्याला बाहेर काढलं. तोवर काट्यांवरून शिव्या यायला लागल्या होत्या. वरचे लोक वैतागून म्हणायचे, "दादा, एक क्लिक का काम है." काका म्हणायचे, "क्लिक एक ही है साहब, पर उधर किसी का आधा काम पड़ा है."

सर्व्हरच्या खोलीत ते अनवाणी असायचे. मला वाटलं देवघरासारखं काही असेल. तसं काही नव्हतं. फरशी किती गार आहे ते तळपायाला कळतं, आणि एसी बिघडायच्या आधी फरशी सांगते, असं त्यांचं म्हणणं. जेवायचे सकाळी साडेदहाला. त्यांचे वडील पहिल्या पाळीला पहाटे निघून जायचे, तेव्हा आख्खं घर त्या पाळीच्या हिशोबानं जेवायचं. वडील गेले, पाळी गेली, भूक मात्र तिथंच थांबली. दुपारी सगळं ऑफिस डबे उघडायचं तेव्हा काका एकटे आत पडद्यासमोर बसलेले असायचे.

सर्व्हरवरून सगळ्यांच्या पडद्यावर एकदम निरोप पाठवता येतो. दुसरीकडे तो वर्षातून एखादे वेळी वापरत असतील. काकांच्या खोलीला एक खिडकी होती, तिच्यातून कडुलिंब दिसायचा. कडुलिंबाचा शेंडा एका विशिष्ट तऱ्हेनं हलला की ते निरोप धाडायचे: वारा सुटणार आहे, वीज जाईल, फाइल सेव्ह करा. बोरसीच्या काट्यापासून इकडच्या टोकापर्यंत सगळ्या पडद्यांवर ती पेटी उमटायची. वीज कधी जायची, कधी नाही जायची. पण सगळेजण सेव्ह करायचे. मी आजही झाडं हलली की सेव्ह करते, माझं ऑफिस आता सातव्या मजल्यावर आहे तरी.

आणि एक होतं, त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याला दुसऱ्याच्या सेशनमध्ये जाऊन त्याचा पडदा बघता येतो, त्याच्या जागी बटनंही दाबता येतात. आत जायच्या आधी समोरच्याला एक पेटी दिसते: अमुक माणूस आत येऊ बघतोय, परवानगी आहे का? हो, नाही. ही पेटी बंद करून ठेवता येते. मग कोणालाही न कळता कोणाच्याही पडद्यात डोकावता येतं. काकांनी ती कधी बंद केली नाही. "दारावर आलेला मानूस थांबतेच ना," म्हणायचे.

एकदा माझं बिल छापून येत नव्हतं म्हणून मीच त्यांना हाक मारली. माझ्या पडद्यावर पेटी आली. तेव्हा लक्षात आलं की बिलाच्या मागं मी लग्न जमवायची साइट उघडून ठेवली होती, एका मुलाच्या फोटोसकट. मी घाबरून काचेतून पाहिलं. काकांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आवरून घे. मी थांबलो." मी आवरलं, हो दाबलं, त्यांनी बिल छापून दिलं. त्या विषयावर पुढं कधी चकार शब्द काढला नाही. फक्त संध्याकाळी निघताना म्हणाले, "कोनताई असो. हो दाबाचं तं सोताच्या हातानं दाबजो." मी खूप हसले होते. लग्न ठरवताना मात्र मला ते वाक्य कामाला आलं.

बोरसीच्या पुढं कंपनीचा एक काटा होता. तिथं सुखबती बसायची. तिचा नवरा आमच्याच कंपनीचा ट्रक चालवायचा. रस्त्यावर अपघातात गेला, आणि कंपनीनं तिला काट्यावर बसवलं. आठवीपर्यंत शिकलेली. घरात म्हातारी सासू, शाळेत जाणारी मुलगी, आणि त्या तिघींचं सगळं या नोकरीवर. कीबोर्डावरची इंग्रजी अक्षरं तिला एकेक करून शोधावी लागायची. काका रोज सकाळी तिला फोन लावायचे, तिच्या पडद्यावर पेटी पाठवायचे, ती हो दाबायची, आणि काका तिचा पडदा आपल्यासमोर उघडून बसायचे. हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर. मला सगळं ऐकू यायचं.

"भैया, ए बटन कती हे?"

"नीचे की लाइन में, बाई. बाएँ से तीसरा. ढूँढो, घाई नहीं है."

मराठी "घाई" त्यांच्या हिंदीत कायमची राहायला आली होती. सुखबतीला तो शब्द कळायला लागला होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. काकांचा जगाशी संबंध घर, टपरी आणि ती काचेची खोली एवढाच. काटा कसा दिसतो हेसुद्धा त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

सुखबतीची एक रीत होती. पावती खिडकीतून द्यायची नाही. उठून बाहेर ट्रकपाशी जायची, ड्रायव्हरच्या हातात द्यायची, आणि विचारायची, "खाये हस?" जेवलास का. मग म्हणायची, "धीरे जाबे." प्रत्येकाला. ड्रायव्हर वयानं मोठा असो की कालचा पोरगा असो. फोनवर इंजिनच्या आवाजात तिचा आवाज लांबून यायचा. ती परत येईपर्यंत काका हातातलं काम थांबवून ऐकत बसायचे. ती कोणाला काय म्हणते ते त्यांना पाठ झालं होतं, तरी ऐकायचे.

मग रायपूरहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांच्या आधी यायचा, मऊ बोलायचा, आणि वरून त्यालाही कोणीतरी हाकत असणार. त्यानं सर्व्हरवरची यादी पाहिली. त्या यादीत प्रत्येक सेशनसमोर एक रकाना असतो: शेवटचं बटन दाबून किती वेळ झाला. म्हणजे किती वेळ माणूस रिकामा आहे. साहेबांनी काकांना सांगितलं, हा रकाना रोज संध्याकाळी मला हवा. जे जास्त रिकामे बसतात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवायचं नाही.

पहिल्या आठवड्याच्या यादीत सगळ्यात वर सुखबती. काका साहेबांकडे गेले, ती बाहेर जाऊन काय करते ते सांगायला लागले. साहेब म्हणाले, "दादा, कहानी तो सबकी होती है. मुझे आँकड़ा दीजिए."

काका परत आपल्या खोलीत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुखबतीनं हो दाबल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम बाहर जाती हो तब इधर से एक बटन मैं दबाता रहूँ क्या? उससे कुछ छपता नहीं." आणि कशासाठी तेही तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दबा देव, भैया."

ते शिफ्टचं बटन. ते एकटं दाबलं तर पडद्यावर काही उमटत नाही, पण सर्व्हरला वाटतं कोणीतरी जागेवर आहे. सुखबती उठली की काका आपला डावा हात तिच्या पडद्यासाठी लावलेल्या दुसऱ्या कीबोर्डावर ठेवायचे, उजव्या हातानं स्वतःचं काम करायचे आणि मधूनमधून बटन दाबायचे. जो माणूस विचारल्याशिवाय कोणाच्या पडद्यात डोकावला नाही, तो रोज दुसऱ्याच्या जागेवर बसून खोटं बोलत होता.

"काका, हे बरोबर आहे का?" मी विचारलं.

"नाही," ते लगेच म्हणाले. "बरोबर नाही. पन ते बाहीर जाऊन जे करून राहिली ना, ते बी कामच आहे. त्याचा रकाना नाही लिस्टमंधी. मी काय करू, सांग."

खरं तर मला तेव्हा त्यांचा अभिमानच वाटत होता.

यादीत सुखबती वरून खाली आली. पार खाली आली. काकांची चूक त्यांच्या साडेदहाच्या जेवणात होती. दुपारी सगळी कंपनी जेवायला उठते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, कारण त्यांची दुपार जेवणाची नव्हतीच. सुखबती काट्याच्या मागं सावलीत डबा खात असायची आणि काका इकडे इमानदारीनं शिफ्ट दाबत असायचे. सगळ्यांच्या नावासमोर दुपारी मोठा रिकामा वेळ. सुखबतीसमोर शून्य.

साहेब खूश झाले. महिना संपताना त्यांनी काकांना बोलावून एक मजकूर दिला, सगळ्या काट्यांच्या पडद्यांवर पाठवायला. सुखबतीबाई जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काम करतात, त्यांच्याकडून शिका. मोहन नगरचा आणि आणखी एक काटा, तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. मोहन नगरच्या काट्यावर जो बसायचा तो तोच, वरमालेच्या वेळी फोन उचलणारा.

मी काचेतून बघत होते. काकांनी सगळा मजकूर टाइप केला, एकदा वाचला आणि पाठवायचं बटन न दाबता उठले. अनवाणीच साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच राहिलं.

"साहब, वो मैं दबाता था."

"क्या?"

"सुखबती का बटन. वो बाहर जाती थी, तब मैं दबाता था. खाने के टाइम भी दबाता रहा. मुझे ध्यान नहीं रहा कि लोग उस टाइम खाते हैं."

साहेबांना समजायला वेळ लागला. मग म्हणाले, "मतलब लिस्ट झूठी है?"

"उसकी झूठी है. बाकी सबकी सच्ची है, पर किसी काम की नहीं है, साहब."

मग साहेब अगदी हळू म्हणाले, "दादा, ऊपर लिस्ट जा चुकी है. मैं क्या बोलूँ? किसी को तो हटाना पड़ेगा."

"मेरे को हटा दो."

ते इतक्या सहज म्हणाले की मला आधी वाटलं ते चहाला चाललेत. परत आले, खुर्चीत बसले, आणि टाइप केलेला मजकूर एकेक अक्षर मागं नेत पुसून टाकला. मी आत गेले. म्हटलं, "काका, तुम्ही काय करणार आता घरी?"

"पाहू," ते म्हणाले. "भरल्या ताटावरून कोनाले उठवनं मले जमत नाही, पोरी. माह्यं तं जेवन झालं होतं."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. त्यांचं जेवण काही झालं नव्हतं. त्या खोलीशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं, आणि हे सगळ्या ऑफिसला दिसत होतं. साहेबांनाही दिसत असावं, कारण यादी मागवणं त्यांनी गुपचूप बंद केलं, मोहन नगरवाल्याला आणि त्या दुसऱ्यालाही ठेवलं. पण काकांचं जाणं काही मागं घेतलं गेलं नाही. सर्व्हर आता रायपूरहून एक कंपनी सांभाळणार होती. पेटी बंद ठेवणारी असणार, हे मी न विचारताच ओळखलं.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं जिना उतरत होतो. काकांच्या हातात पिशवी, पिशवीत स्वेटर. मी त्यांना पहिल्यांदाच नुसत्या शर्टात बघत होते. खाली फाटकात कंपनीचा एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हरशेजारून एक बाई उतरली. पदर खोचलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. सरळ जिन्यापाशी आली आणि काकांनाच विचारलं, "सर्वर वाले भैया कोन जघा बइठथे?" कुठं बसतात म्हणून.

काकांनी तोंड उघडलं नाही. मी बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली.

मग ती मला सांगायला लागली. तिच्या छत्तीसगढीतलं मला सगळं कळत होतं. काकांना काढल्याचं तिला ड्रायव्हरांकडून कळलं होतं, आणि ती नोकरी सोडायला आली होती. माझ्यामुळं भैयाला काढू नका, मलाच काढा, असं साहेबांना सांगणार होती. एवढं बोलून ती काकांच्या शेजारून जिना चढायला लागली.

आता काकांना बोलणं भाग होतं. "बाई, काँटे पे कौन है?"

ती तिथंच थांबली. वळली आणि त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमन अतेक दुबर हव, भैया?" इतके बारीक आहात तुम्ही. "आवाज ले तो मोटा लागथव."

काका हसले. मग लगेच गंभीर होऊन म्हणाले, "गाड़ियाँ खड़ी होंगी. तुम जाओ. मेरा हो गया है, लिख के दे दिया. अब तुम छोड़ोगी तो मेरा जाना फुकट जाएगा."

ती पायरीवर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणाली, आता बटन कुठं आहे ते मला कोण सांगणार.

काका तिच्याहून दोन पायऱ्या खाली उभे होते. पिशवीचे बंद हातात पिळत होते. मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमको सब बटन आते हैं," ते म्हणाले. "कब से आते हैं. मैं बोलने के पहले तुम दबा देती थीं, मुझे दिखता था. फोन मैं ही रखता नहीं था." मग पिशवीकडे बघत म्हणाले, "अच्छा लगता था."

सुखबतीनं पदर खाली घेतला. आता ती रडत नव्हती.

"मोला पता रिहिस, भैया," ती म्हणाली. "मैं घलो जान के पूछत रेहेंव."

तिला माहीत होतं. तीही मुद्दाम विचारत होती.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सुखबती उठली, काकांना नमस्कार केला, आणि किल्ल्या वाजवत ट्रककडे गेली. वर चढायच्या आधी ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ट्रक अगदी हळू निघाला. काका रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली, स्टँड काढला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"पोरी, बोरसी इथून सायकलनं किती लांब पडते?"

"फार नाही, काका," मी म्हटलं.